ग्लेनिसचा पंप आणि माझं वेळापत्रक

सकाळी सहाला समुद्रात उतरणाऱ्या बाईच्या अंगात पहाटे चारला किती इन्सुलिन पडावं, हा प्रश्न आयुष्यात कधी आपल्यापुढे येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला. आणि प्रश्न कुणालाही विचारलेला असो, तो आपल्यालाच विचारलाय असं समजायची मला जुनी खोड आहे.

वास्तविक तो विचारला होता माझ्या बायकोला. ग्लेनिसला एकोणिसाव्या वर्षी मधुमेह झाला. तोही इन्सुलिनशिवाय एक दिवस न चालणारा. एकेचाळीस वर्षं सुया टोचून घेतल्यावर गेल्या जुलैत तिला पंप मिळाला. साबणाच्या वडीएवढा डबा, कमरेला अडकवायचा, आणि त्यातून निघालेली बारीक नळी पोटाला. जेवणाचं इन्सुलिन बटण दाबून घ्यायचं, पण त्याशिवाय हा डबा दिवसरात्र, माणूस जेवो न जेवो, थेंबथेंब इन्सुलिन सोडतच असतो. त्याला म्हणतात बेसल. कोणत्या तासाला किती थेंब सोडायचे ते मात्र आपण ठरवायचं. पहाटे अंगातली साखर आपोआप चढते म्हणून तेव्हा जास्त, पोहण्याआधी कमी, दुपारी मधलं काहीतरी.

दवाखान्यातल्या सिस्टर सालोतेंनी चोवीस रकान्यांचा कोरा कागद टेबलावर ठेवला. ग्लेनिसने सुस्कारा सोडला. माझे मात्र डोळे लकाकले. मी चौतीस वर्षं बसची वेळापत्रकं केली आहेत. निवृत्तीला नऊ महिने झाले होते आणि त्या नऊ महिन्यांत मी फक्त एक फॉर्म भरला होता, तोही लायब्ररीचा.

"मिसेस पेनरोझ, हा तक्ता तुम्ही घरी..."

"मी भरतो," मी म्हणालो.

सिस्टर मूळच्या टोंगाच्या. आवाज गोड, पण मान हलली की समोरच्याने गप्प बसायचं. "मिस्टर पेनरोझ, एका वेळी एकच रकाना बदलायचा. तोही फार तर दहावा हिस्सा. मग तीन दिवस थांबायचं. आणि बदलायच्या आधी मला फोन करायचा."

"सिस्टर, मी शाळेच्या सुट्टीत एकशेबारा बस..."

"ही बस नाही. ही तुमची बायको आहे."

असं कुणी तोंडावर बोललं की मी दोन मिनिटं दुखावलेला असतो. तिसऱ्या मिनिटाला मी पेन्सिलीला टोक काढत होतो.

ग्लेनिसला त्या तक्त्यातून एकच गोष्ट हवी होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे दोन किलोमीटर समुद्र पोहायची शर्यत असते. तरुणपणी ती त्यासाठी तयारी करत होती, तेवढ्यात मधुमेह निघाला आणि पोहण्याच्या क्लबने यादीतून तिचं नाव खोडलं. तेव्हा तसा नियमच होता. गेल्या वर्षी नियम बदलला: लागोपाठ तीन सकाळी साखर ताब्यात राहिली असा दवाखान्याचा दाखला आणा आणि पोहा. ग्लेनिस याविषयी फारसं बोलली नाही. फक्त तिने जुना पोहण्याचा पोशाख देऊन टाकला आणि नवा आणला. आमच्या घरात याचा अर्थ फार मोठा होतो.

ऑगस्टभर आम्ही परीक्षा घेतली. बेसल बरोबर आहे का ते बघायचं तर नाश्ता सोडायचा, उपाशी राहायचं आणि दर तासाला बोट टोचून साखर बघायची. आकडा जागच्या जागी राहिला तर पास. आमच्याकडे पाच-सहा म्हणजे उत्तम, चारच्या खाली म्हणजे धोका, आणि पंधरा म्हणजे डोक्याला हात. बायको उपाशी असताना आपण खाणं बरं नाही म्हणून मीही उपास जाहीर केला. ग्लेनिस दुपारपर्यंत शांतपणे विणकाम करत बसे. मी दहा वाजता पत्र टाकायला म्हणून बाहेर पडे आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत खिमा भरलेला गरम मीट-पाय खाई. तिसऱ्या दिवशी समोरच्या डल्सीबाईंनी मला पकडलं.

"काय रे क्लाइव्ह, पत्र तोंडात टाकतोस होय?"

डल्सी आर्कराइट अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मधुमेहावर त्यांचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा, कारण त्यांच्या मांजराला तो आहे. मांजराचं नाव बिस्मार्क. त्याला रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं आणि ते त्या स्वतः टोचतात.

"बिस्मार्कला एक युनिट सकाळी, एक संध्याकाळी. चोवीस रकाने कसले करतोस? तुझे वडीलही असेच होते."

"डल्सीबाई, ग्लेनिस माणूस आहे."

"म्हणूनच त्रास. मांजर दिवसभर झोपतं. तिला म्हणावं, झोप."

तरीही सप्टेंबरअखेर तक्ता जमला. पहाटे तीन ते पाच जास्त, पाचपासून आठपर्यंत अगदी कमी, कारण सहाला समुद्र. प्रत्येक बदल सिस्टरना विचारून केला होता. त्या शेवटीशेवटी फोन उचलून "बोला, कोणता रकाना?" एवढंच म्हणत. मी तक्ता चार रंगांत काढून फ्रिजवर लावला आणि खाली, सवयीने, "रविवार व सार्वजनिक सुट्ट्यांचे वेळापत्रक वेगळे" असं लिहिलं. सकाळचे आकडे असे येत होते की दृष्ट काढावी: ५.८, ६.१, ५.९. मी ते ज्याला त्याला सांगत सुटलो. पोस्टमन तर माझ्या दारात आला की चालायचा वेग वाढवू लागला.

आणि ऑक्टोबर उजाडला.

आमचं घर बाउंड्री स्ट्रीटवर, न्यू साउथ वेल्सच्या बाजूला. रस्ता ओलांडला की क्वीन्सलँड. हिवाळ्यात दोन्हीकडे घड्याळं सारखी. ऑक्टोबरात आमचं राज्य घड्याळ तासभर पुढे करतं आणि समोरचं राज्य ढिम्म हलत नाही. सहा महिने डल्सीबाई माझ्यापेक्षा एक तास मागे असतात, विचारांनी तर त्याहून जास्त. "चारला चहाला ये" म्हटलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, कुणाच्या चारला? इथे चौतीस वर्षं बस चालवल्यात मी. एकही बस चुकीच्या राज्याच्या वेळेने धावली नाही. सांगायचं एवढंच, की वेळेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये अशी माझी नम्र समजूत होती.

त्या रविवारी मी घरातली सगळी घड्याळं पुढे केली: भिंतीवरचं, ओव्हनचं, गाडीचं आणि पंपाचं. न्यू साउथ वेल्सचा पंप न्यू साउथ वेल्सच्या वेळेने चालणार, यात विचार करण्यासारखं काय होतं?

मंगळवारी ग्लेनिस समुद्रावरून परत आली ती पांढरीफटक. "तीन पूर्णांक चार," ती म्हणाली. "पाण्यातून बाहेर येऊन बाकावर बसून होते. सात जेली बीन्सच्या गोड गोळ्या खाल्ल्या, मग उठता आलं."

पाण्यात असताना साखर अशी घसरली तर हातपाय ऐकत नाहीत. हे मला माहीत होतं, पण पुस्तकातलं माहीत असणं वेगळं आणि दारात पांढरीफटक बायको उभी असणं वेगळं. मी सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, पहाटेचा रकाना दहावा हिस्सा कमी करा. केला. बुधवारी ३.६. तीन दिवस थांबून परत कमी केला. पुढच्या मंगळवारी ३.७. आणि रविवारी, ज्या दिवशी ती चर्चला जाते आणि पोहत नाही, नाश्त्याआधीच थेट १३.

"पाव," डल्सीबाईंनी निदान केलं. "रविवारचा पाव वाईट असतो. बिस्मार्क रविवारी पाव खात नाही."

त्यातच आणखी एक विचित्र गोष्ट माझ्या नजरेला आली. रविवार सोडला तर रोज नाश्त्याला पंपाचं घड्याळ बरोबर एक तास मागे असे. मी पुढे करायचो, दुसऱ्या दिवशी परत मागे. शेजारच्या रॉन टिपेटने लगेच कारण सांगितलं. त्याचा मोबाइल स्वयंपाकघरात न्यू साउथ वेल्सचा असतो आणि बाल्कनीत क्वीन्सलँडचा होतो, समोरच्या टॉवरमुळे. "तुझ्या बायकोचा पंप समोरचा टॉवर पकडतोय. त्याला फॉइल गुंडाळ."

मी फॉइल गुंडाळलं. ग्लेनिस दोन दिवस कमरेला भाजलेल्या बटाट्यासारखं काहीतरी चमकवत फिरली. त्या दोन दिवसांत तिने जे ऐकून घेतलं त्याबद्दल तिला वेगळं पदक द्यायला हवं.

शर्यतीला तीन आठवडे उरले आणि दाखल्याची एक सकाळही जमेना, तेव्हा मी पंप बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या.

"तुमच्या पंपात बिघाड आहे," मी म्हणालो. "रोज एक तास हरवतो."

"बरोबर एक तास?"

"बरोबर एक तास. फार नियमित आहे."

"पंप टॉवरबिवर पकडत नाही, सर. आत्ता त्यात किती वाजलेत?"

"आठ दहा."

"आणि तुमच्याकडे?"

"ते मी रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर आहे."

मग त्या बाईंनी मला पंपातली नोंद उघडायला लावली. त्या डब्यात सगळं साठवलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरपासून वेळ बदलल्याच्या नोंदी: चौपन्न. मी मोजून बघितलं. मी नाश्त्याला तास पुढे केल्याच्या सत्तावीस. उरलेल्या सत्तावीस पहाटेच्या, तास मागे. घरात आम्ही दोघंच. बिस्मार्कला बटण दाबता येत नाही.

ग्लेनिस दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मीच करत होते," ती म्हणाली. "चारला उठले की. अरे, माझं अंग ऑक्टोबरात पुढे सरकत नाही क्लाइव्ह. मी उजाडताना उठते, उजाडल्यावर पोहते. समुद्र समोरच्या बाजूला आहे. म्हणून मी पंप समोरच्या वेळेवर लावायची."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू तक्ता लावल्यापासून शिट्टी वाजवायला लागला होतास. नऊ महिने वाजवली नव्हतीस. म्हटलं, असू दे, गपचूप नीट करते. चूक माझीच. मला वाटलं, एका तासाने काय बिघडणार."

मी कागद घेऊन बसलो आणि काय बिघडलं ते पाचच मिनिटांत समजलं. माझ्या वेळेवर चालणारा पंप पहाटेचा जास्तीचा डोस संपवायचा, त्याच्या घड्याळात पाच वाजता. ग्लेनिस उठून त्याला परत चार वाजवायची. की तो शहाणा तोच डोस पुन्हा सुरू करायचा. चार ते पाचची बस रोज दोनदा सुटत होती आणि दुसरी भरून थेट समुद्रात जात होती. रविवारी पोहणं नाही म्हणून ती चारला उठत नसे आणि घड्याळाला हात लावत नसे, त्या दिवशी कमी डोसवाली बस तासभर आधीच सुटायची, म्हणून साखर वर. आणि मी वर तक्त्यात डोस कापून कापून गोंधळ दुप्पट केला होता. चौतीस वर्षांत मी अशी चूक करणाऱ्या दोन माणसांना ताकीद दिली होती. आता मला कोण देणार? मी स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

"ग्लेन," मी म्हणालो, "बाकावर बसून जेली बीन्स खात होतीस, तेव्हा तुला माहीत होतं का मी रोज घड्याळ पुढे करतोय?"

"अंदाज होता."

"आणि तरी बोलली नाहीस."

"आता बोलले ना. चहा टाक."

मला लाज वाटली, आणि ती मी तिथल्या तिथे बोलून दाखवली. सिस्टरना दोघांनी मिळून फोन केला. त्या आधी खूप हसल्या आणि मग अजिबात हसल्या नाहीत. जुना सप्टेंबरचा तक्ता परत लावायचा, घड्याळ वर्षभर क्वीन्सलँडचं ठेवायचं आणि त्याला एकच माणूस हात लावणार, असं ठरलं. "आणि तो माणूस," सिस्टर म्हणाल्या, "मिस्टर पेनरोझ नाहीत." मी एका राज्याशी एकनिष्ठ माणूस. पण बायकोच्या पोटात दुसरं राज्य आहे हे कबूल करावं लागलं.

तीन सकाळी लागल्या: ६.०, ५.७, ६.४. सिस्टरनी दाखल्यावर शिक्का मारला आणि मी तो घेऊन पोहण्याच्या क्लबात गेलो. क्लबचे सेक्रेटरी नोएल हॅचर्ड चष्मा पुसून कागद वाचणारे गृहस्थ आहेत. असल्या माणसांविषयी मला आदर असतो, ते माझा कागद वाचत नसतील तर.

"यात वेळ सकाळी सात लिहिलीय. दवाखाना तुमच्या बाजूला. म्हणजे आमच्याकडे सहा. आमच्या नियमात सातची तपासणी हवी."

"हॅचर्डसाहेब, साखरेला राज्य नसतं."

"फॉर्मला असतं."

परत दवाखाना. सिस्टरनी "क्वीन्सलँडच्या वेळेनुसार" असं हाताने लिहिलं, तर हॅचर्ड म्हणाले, हाताने लिहिलेल्या मजकुरावर सही हवी. सही आणली, तर सहीवर तारीख हवी. तिसऱ्या खेपेला मी रस्ता ओलांडताना पुटपुटत होतो आणि डल्सीबाई खिडकीतून "कुणाच्या किती वाजले रे?" असं ओरडत होत्या. अखेर हॅचर्डनी कागदाला टाचणी लावली. शर्यतीआधी बोट टोचायचं आणि आकडा सातच्या वर असला तरच पाण्यात उतरायचं, असं खाली ठळक अक्षरात होतं.

शर्यतीचा रविवार. सकाळी नाश्त्याला ग्लेनिसने दोन टोस्टचं इन्सुलिन घेतलं आणि मी तिला लाटा, वारा आणि भरतीची वेळ यावर चार शब्द सांगितले. चारशे झाले असावेत. निघताना मी पाहिलं, एक टोस्ट ताटलीत तसाच. मी पाहिलं आणि मला वाटलं, एका टोस्टने काय होतंय.

वाळूवर ब्याण्णव माणसं टोप्या घालून उभी. शिट्टीला दोन मिनिटं असताना तिने बोट टोचलं. ५.४.

खरं सांगतो, मला वाटलं ती उतरणार. एकेचाळीस वर्षं थांबलेली बाई. इकडेतिकडे कुणी बघत नव्हतं, हॅचर्डचं तोंड पलीकडे होतं आणि आकडा फक्त आम्हा दोघांना दिसत होता. मी तोंड उघडलं होतं, काय बोलणार होतो मला अजून माहीत नाही.

ग्लेनिसने टोपी काढली. पिशवीतून केळं काढलं आणि वाळूवर बसली. शिट्टी झाली, एक्याण्णव माणसं ओरडत पाण्यात शिरली, आणि ती केळं सोलत होती. मागच्या गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "ती बघ, घाबरली बिचारी." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी वळलो, तर ग्लेनिसने माझी पँट धरली.

"बस खाली. वारा लागतोय."

पंधरा मिनिटांनी ६.६. टोप्यांचे ठिपके आता खडकापाशी होते.

"जवळजवळ सात," मी म्हणालो.

"जवळजवळ," ती म्हणाली आणि हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिली. मी तिच्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. स्टॉपवर बस येईपर्यंत बसावं तशी बसली होती. मी आयुष्यभर बस वेळेत सोडल्या, पण असं थांबायला मला कधी जमलं नसतं.

एकविसाव्या मिनिटाला ७.३. तिने पंप काढून माझ्या हातात दिला, टोपी घातली आणि हॅचर्डसमोर साखर मोजायचं यंत्र नाचवलं. त्यांनी आकडा बघितला, फॉर्म बघितला, आणि मान डोलावून एका फळीवाल्या जीवरक्षकाला सोबत जायला सांगितलं. ती पाण्यात शिरली. तिच्या पुढे कुणी नव्हतं आणि मागे कुणी नव्हतं.

ती परत आली तेव्हा शर्यतीनंतर मिळणाऱ्या सॉसेजच्या रांगेत सगळी शर्यत उभी होती. तरी डल्सीबाईंनी पाहिलं आणि त्या जोरात टाळ्या वाजवू लागल्या, मग रॉन, मग एक एक करून ती रांग वळली. ग्लेनिस कमरेएवढ्या पाण्यातून चालत बाहेर आली, बोट पुढे केलं. ६.१. मी पंप परत लावून दिला.

हॅचर्ड वहीत लिहीत होते. "पेनरोझ, ग्लेनिस. एक तास सोळा मिनिटं."

"अहो, काहीतरी काय!" मी उसळलो. "ती पंचावन्न मिनिटांत पोहलीय! त्यातली एकवीस मिनिटं ती वाळूवर बसून होती. घड्याळ ती पाण्यात उतरल्यापासून लावा. वेळेचं मला कळतं, मी चौतीस वर्षं..."

"नियम शिट्टीपासूनचा आहे," हॅचर्ड म्हणाले.

"लिहा हो," ग्लेनिस टॉवेलने केस पुसत म्हणाली. "एक तास सोळाच लिहा. ती एकवीस मिनिटं पण मीच पोहलेय."

हॅचर्डनी चष्मा पुसला, तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि लिहिलं. मग आम्ही सॉसेजच्या रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभे राहिलो.